मालिकेतलं घर कोणाच्या नावावर? : कोरियन आणि मराठी मालिका स्त्रीवादी नजरेनं पाहताना

सोनईत व्याख्यान आणि विषय कोरियन मालिका, हे ऐकून काहींनी नाकं मुरडली असतील. हे साखर कारखान्याचं गाव. उसाच्या ट्रॅक्टरमागून वाट काढत आपण सगळे इथवर आलो. इथं कोरियाचं काय काम?

काम आहे. संध्याकाळचं आपल्याच घरातलं चित्र डोळ्यापुढं आणा. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर आजीची मराठी मालिका चालू असते. आई स्वयंपाक करता करता कानानं तीच मालिका बघते. हो, कानानंच, कारण डोळे तव्यावर असतात. आणि आतल्या खोलीत कॉलेजला जाणारी नात कानात हेडफोन घालून मोबाइलवर कोरियन मालिका बघते. तीन पिढ्या, दोन पडदे आणि दोन्हीकडं गोष्ट बाईचीच. आजीला वाटतं, पोरीचं ते परदेशी खूळ आहे. पोरीला वाटतं, आजीच्या मालिकेत नुसतं रडणं आहे. आज आपण त्या दोघींच्या मधे बसणार आहोत. दोन्ही पडद्यांना एकच प्रश्न विचारायचा: यातली बाई खरी आहे का?

खरं दिसणं आणि खरं असणं

आधी 'वास्तववाद' या शब्दाचा घोळ निस्तरू. भरजरी साडी नेसून बाई झोपेतून उठते, याला आपण खोटं म्हणतो. साधी साडी, साधं घर, बोलीभाषा दिसली की खरं म्हणतो. पण हे झालं खरं *दिसणं*. खरं *असणं* त्याहून वेगळं. माणसाच्या आयुष्यावर ज्या गोष्टींची सत्ता चालते, म्हणजे पैसा, कायदा, जात, वेळ, शरीर, त्या गोष्टी पडद्यावर सत्ता चालवताना दिसतात का? दिसत असतील, तर भरजरी साडीतली गोष्टही खरी असू शकते. दिसत नसतील, तर नऊवारीतली आणि शेणानं सारवलेल्या अंगणातली गोष्टही खोटी असू शकते.

आणि स्त्रीवादी नजर म्हणजे तरी काय? ती बाहेरून आयात केलेली आहे, असं कुणी म्हणालं तर त्यांना १८८२ सालाची आठवण द्यायची. त्या वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक आलं. त्यात त्यांनी समाजातल्या पुरुषांना तर जाब विचारलाच, पण त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांत बायका कशा रंगवल्या जातात त्याचीही हजेरी घेतली. म्हणजे लिहिणाऱ्यानं बाई कशी दाखवली हे तपासायची रीत मराठीत सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे. आपण ती फक्त मालिकांना लावतो आहोत.

मराठी मालिकेतली बाई: उंबऱ्याबाहेर, आत आणि पुन्हा बाहेर

आपल्याकडचा प्रवास थोडक्यात पाहू. १९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची हिंदी 'रजनी' आली. प्रिया तेंडुलकर यांची ती गृहिणी सरकारी खिडकीवर भांडायची, गॅसवाल्याला, टॅक्सीवाल्याला जाब विचारायची. नव्वदच्या दशकात मराठीत 'दामिनी' आली. प्रतीक्षा लोणकर यांनी रंगवलेली ती पत्रकार. १९९९ मध्ये 'आभाळमाया'. सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी प्राध्यापक आहे, घर सांभाळते आणि नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध आहेत हे कळल्यावरही स्वतःचा कणा मोडू देत नाही. त्या वेळी घराघरांत सुधाबद्दल वाद व्हायचे. तिनं नवऱ्याला सोडावं की नाही, हे आपल्या आत्या-मावशा भाजी निवडता निवडता बोलायच्या. स्वतःच्या नवऱ्याबद्दल जे बोलता येत नव्हतं, ते सुधाच्या नवऱ्याबद्दल बोलता येत होतं. मालिकेचा हा उपयोग कमी लेखू नका.

मग दोन हजारच्या दशकात बाई घरात परत गेली. 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग. सासू, सून, जाऊ, नणंद. संघर्ष होता, पण तो सगळा उंबऱ्याच्या आत, आणि बहुतेक वेळा बाईच्या विरोधात बाईच.

अलीकडच्या काळात पुन्हा थोडी हालचाल झाली. २०१६ मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली. वऱ्हाडी बोलणारी राधिका नवऱ्याच्या फसवणुकीनंतर मसाल्यांच्या धंद्यातून उभी राहते. २०१९ मध्ये 'अग्गंबाई सासूबाई' आली. त्यात सून पुढाकार घेऊन विधवा सासूचं लग्न लावून देते. त्याच वर्षाच्या शेवटी 'आई कुठे काय करते!' सुरू झाली. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती पंचवीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट घेते, गाणं पुन्हा धरते, दुसरं लग्नही करते. मूळ गोष्ट बंगाली 'श्रीमोयी'ची, पण मराठी घरांनी ती आपली मानली. शीर्षकात आपल्या सगळ्यांचं पाप आहे. शाळेच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' या रकान्यात आपण काय लिहायचो, आठवा.

कोरियाकडं पाहताना एक सावधगिरी

आता कोरिया. तिथल्या सगळ्या मालिका स्त्रीवादी आहेत असं मुळीच नाही. गर्भश्रीमंत उद्योगपतीचा मुलगा आणि गरीब मुलगी, ही गोष्ट त्यांनी शेकडो वेळा विकली. नायकानं मुलीचं मनगट धरून तिला ओढत न्यायचं आणि आपण त्याला प्रेम समजायचं, हे तिथंही वर्षानुवर्षं चाललं. कटकारस्थानं, जन्मरहस्यं, स्मृती जाणं असल्या भडक मालिकांना तिथं 'मकजांग' असं नावच आहे. आजीच्या मालिकेला हसणाऱ्या नातीनं हे लक्षात ठेवावं.

आणि तिथलं समाजवास्तव? पगारातली स्त्री-पुरुष तफावत विकसित देशांत सर्वांत मोठी ज्या देशात आहे, तो देश दक्षिण कोरिया. तिथं 'होजू' नावाची पद्धत होती. कुटुंबाची नोंद पुरुष प्रमुखाच्या नावानं. बाई आधी बापाच्या नोंदीत, मग नवऱ्याच्या, मग मुलाच्या. घटस्फोट झाला तरी मूल बापाच्या नोंदीत राहायचं. बायकांनी अनेक वर्षं लढा दिला, २००५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ही पद्धत घटनेशी विसंगत ठरवली आणि १ जानेवारी २००८ पासून ती संपली. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत आईचं नाव लावणं बंधनकारक झालं. म्हणजे आईचं नाव कागदावर यायला आपल्याला एकविसाव्या शतकाचा जवळपास पाव भाग घालवावा लागला.

सांगायचा मुद्दा असा की चांगल्या कोरियन मालिका सुखी देशातून आलेल्या नाहीत. भांडण चालू असलेल्या देशातून आल्या आहेत. २००५ मध्ये होजूचा निकाल लागला, त्याच वर्षी 'माय नेम इज किम साम-सून' गाजली. तिशीला टेकलेली, अंगानं भरलेली, केक बनवणारी, फटकळ नायिका. देशभर लोक तिच्यासाठी खोळंबून बसायचे. त्याआधी २००३ मध्ये 'दे जांग गम' आली. जोसन राजवटीच्या बखरींत जिचा उल्लेख येतो अशी ती स्त्रीवैद्य. तिचं हत्यार तिचं कौशल्य होतं, सौंदर्य नव्हे.

कस लावायचे पाच प्रश्न

आता मालिका कोणतीही असो, आम्ही तिला पाच प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारा.

पहिला प्रश्न: घर कोणाच्या नावावर आहे? मराठी मालिकेत मालमत्ता येते ती बहुधा कारस्थान म्हणून. कुणीतरी फसवून सही घेतं, मग पंधरा भाग गोंधळ. एखादा भला सासरा सुनेच्या नावावर काही करतो, पण ते त्याचं मोठं मन, तिचा हक्क नव्हे. आणि आपल्या गावात काय होतं? महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, केंद्राचा कायदा २००५ मध्ये आला. तरी बहीण तहसीलला येते, हसत हसत हक्कसोडपत्रावर सही करते आणि भावानं घेतलेली साडी घेऊन परत जाते. कुणी तिला फसवलेलं नसतं. माहेर तुटू नये, दिवाळीला दार उघडं राहावं, एवढ्यासाठी ती सही करते. खलनायक नसलेला हा प्रसंग किती नाट्यमय आहे! पण आजवर आम्ही पाहिलेल्या एकाही मराठी मालिकेत तो मध्यभागी नव्हता.

दुसरा प्रश्न: काम दिसतं का? फक्त 'ती फार काम करते' असा संवाद नको, काम दिसायला हवं. २०२२ च्या 'अवर ब्लूज'मध्ये जेजू बेटावरचा मासळीबाजार आहे. तिथली बाई मासे कापते, बर्फ ओतते, हिशेब करते आणि त्याच हातांनी डोळे पुसते. तिचं दुःख तिच्या कामाच्या वेळात बसवलेलं आहे. मराठी मालिकेत स्वयंपाकघर रोज दिसतं, पण भांड्यांचा ढीग दिसत नाही. आणि शेत? आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला माणसं येतात तेव्हा नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. उचल नवऱ्याच्या हातात, कोयता मात्र दोघांचा. मोजमापाच्या या एका शब्दात अख्खी मालिका आहे.

तिसरा प्रश्न: शरीर दिसतं का? नटवलेलं नव्हे, दमलेलं, आजारी, पाळी आलेलं, बाळंत झालेलं शरीर. २०२० मध्ये 'बर्थकेअर सेंटर' नावाची आठच भागांची कोरियन मालिका आली. मोठ्या हुद्द्यावरची बाई बाळंत होते आणि 'आई झाली म्हणजे आनंदी झाली' हे तिला जमत नाही. दूध येत नाही, झोप नाही, अपराधी वाटतं. आपल्या मालिकांत डोहाळजेवणाला चार भाग मिळतात, बाळंतपणानंतरच्या चाळीस दिवसांना एक दृश्यही मिळत नाही. आणि आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांनी, पाळीमुळं खाडे पडू नयेत म्हणून, कोवळ्या वयात गर्भाशयं काढून घेतल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायका संध्याकाळी कोपीत मोबाइलवर कोणती मालिका बघत असतील? त्यात त्या स्वतः कधी दिसत असतील का?

चौथा प्रश्न: शत्रू कोण आहे? इथं फरक सर्वांत ठळक आहे. आपल्याकडं नवरा चुकतो, पण त्याचं खापर 'दुसरी'वर फुटतं. शनायाचा राग राग करण्यात आपण चार वर्षं घालवली, गुरुनाथकडं 'पुरुष आहे, घसरला' म्हणून पाहिलं. आता २०२२ च्या 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू'मधला एक भाग घ्या. विमा कंपनी कर्मचारी कमी करताना एकाच कंपनीत असलेल्या नवरा-बायकोंना सांगते, दोघांपैकी एकानं राजीनामा द्या. कागदावर कुठंही 'बाईनं' असं लिहिलेलं नाही. तरी राजीनामे देतात त्या बायकाच. हा भाग कोरियातल्या १९९९ सालच्या एका खऱ्या प्रकरणावर बेतलेला आहे. इथं शत्रू कोणी दुष्ट बाई नाही, एक सभ्य भाषेतलं परिपत्रक आहे. आणि कोर्टात त्या बायका हरतात. हो, हरतात! पण हरल्यावर एकत्र जेवतात, हसतात. विजय दाखवला म्हणजेच स्त्रीवाद, असं नाही. कशापुढं हरलो ते नेमकं दाखवणं, हाही स्त्रीवाद आहे.

बायका एकमेकींच्या शत्रूच असतात, हेही तपासून बघा. 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' (२०१९) मध्ये एकटी आई छोट्या गावात बार चालवते. बाजारातल्या बायका आधी तिला टोचून खातात आणि संकट आल्यावर त्याच तिच्याभोवती कडं करतात. आपल्या गल्लीतही असंच असतं. त्याच लेखिकेची २०२५ ची 'व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स' ही तर तीन पिढ्यांची गोष्ट. आजी समुद्रात बुडी मारून पोट भरणारी, आईला कविता करायची होती, आणि लेक शिकते. त्यात एक छोटंसं दृश्य आहे. पुरुषांचं मोठं ताट वेगळं, बायका-मुलींचं छोटं ताट वेगळं. नवरा काही भाषण देत नाही. तो फक्त बसल्या जागी वळतो आणि बायको-लेकीच्या ताटाकडं तोंड करून जेवायला लागतो. आपल्याकडं पंगतीत पुरुष आधी, बायका मागून, हे अजून कितीतरी घरांत चालतं. तेव्हा हे दृश्य समजायला सबटायटल लागत नाही.

पाचवा प्रश्न सर्वांत अवघड, आणि तो सोनईत विचारायचा म्हणजे आवंढा गिळावा लागतो. जात दिसते का? मराठी मालिकेत आडनावं असतात, कुळाचार असतात, पत्रिका जुळतात, पण 'जात' हा शब्द फार क्वचित ऐकू येतो. प्रेमाला विरोध होतो तो गरीब-श्रीमंत म्हणून, नाहीतर गैरसमज म्हणून. इथं सोनई परिसरात १ जानेवारी २०१३ रोजी आंतरजातीय प्रेमाच्या रागातून दलित समाजातल्या तीन तरुणांचे खून झाले. नाशिकच्या न्यायालयानं २०१८ मध्ये त्यात शिक्षा सुनावल्या. आम्ही जखमेवरची खपली काढायला आलेलो नाही. पण ज्या जिल्ह्यात मुलीनं कुणावर प्रेम करावं यावरून माणसं मारली गेली, त्या जिल्ह्यातल्या पोरी रोज जातीविना घडणाऱ्या प्रेमकथा बघतात, याची नोंद घ्यायला नको? सिनेमानं 'सैराट'मध्ये हे धाडस २०१६ मध्ये केलं. मालिका अजून कचरतात. आणि कोरियन मालिका इथं आपल्या मदतीला येत नाहीत. त्यांच्याकडं वर्ग आहे, आपली जात त्यांना ठाऊक नाही. नातीला ती गोष्ट मोकळी वाटते, त्याचं एक कारण हेही आहे. परक्या देशातल्या प्रेमात आपलं गाव आडवं येत नाही.

मग आपल्याकडं असं का?

लेखक-दिग्दर्शकांना शिव्या देऊन भागणार नाही. त्यांचा कारखाना समजून घेऊ. कोरियन मालिका साधारण सोळा भागांची, आठवड्याला दोन भाग, बहुधा एकाच लेखणीतून उतरलेली, शेवट कुठं न्यायचा ते ठरलेलं. आपल्याकडं आठवड्याला सहा भाग, आज लिहिलेलं लवकरच चित्रित होणार. दर आठवड्याला टीआरपी येतो आणि तो घसरला की कथा वळते. बाई घर सोडून गेली आणि टीआरपी पडला, तर तिला काहीतरी कारण काढून घरात परत आणलं जातं. ज्या गोष्टीला शेवटच नाही, त्या गोष्टीत बाई खरी मोकळी होऊच शकत नाही, कारण ती मोकळी झाली की मालिका संपते! अरुंधती घटस्फोटानंतरही त्याच माणसांच्या भानगडी निस्तरत राहिली, याचं अर्धं उत्तर या गणितात आहे.

आणि गणितात आपणही आहोत. २०२० मध्ये 'सावित्रीजोती' ही मालिका आली. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते आपल्याच नगरमध्ये, मिस फरार यांच्याकडं. त्यांच्या आयुष्यावरची ती मालिका वर्षभरात थांबली. त्याउलट २०१२ मध्ये रमाबाई रानड्यांवरच्या 'उंच माझा झोका'ला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. म्हणजे लोकांना असलं आवडतच नाही, हे खरं नाही. पण नवऱ्याच्या आधारानं शिकणारी बाई आपल्याला गोड वाटते. शेण झेलत दुसऱ्यांच्या मुलींना शिकवणारी बाई पचायला जड जाते का, हे स्वतःला विचारून बघा.

शेवटी आपल्या अंगणात

इथून जवळ शिंगणापूर आहे. ८ एप्रिल २०१६ च्या गुढीपाडव्याला तिथला चौथरा बायकांना खुला झाला. त्याआधी न्यायालय, आंदोलनं, रस्त्यात अडवलेल्या गाड्या, सगळं आपण टीव्हीवर बातमी म्हणून पाहिलं. पण त्या दिवशी गावातल्या कितीतरी बायका चौथऱ्यावर गेल्या नाहीत. भीती, श्रद्धा, सासूचा शब्द, 'लोक काय म्हणतील', काहीही असेल. बातमीला त्या दिसल्या नाहीत, कारण बातमीला घडलेलं लागतं. न घडलेलं, मनात अडकलेलं, दाखवायचं काम गोष्टीचं असतं. वास्तववाद म्हणजे तेच काम.

म्हणून एक साधी विनंती. आज घरी गेल्यावर आजीनं नातीची मालिका एक भाग बघावी, नातीनं आजीची बघावी. नातीनं सबटायटल वाचून दाखवावीत. मग आईलाही गॅस बंद करून बाहेर बोलवा, तिला कानानं नको, डोळ्यानं बघू द्या. आणि तिघींनी मिळून पहिला प्रश्न विचारावा: या मालिकेतलं घर कोणाच्या नावावर आहे?

पुढचा प्रश्न आपोआप येईल. आपलं कोणाच्या नावावर आहे?

तो प्रश्न त्या घरात एकदा मोठ्यानं विचारला गेला, तर आजचं व्याख्यान सार्थकी लागलं.